पौर्णिमेचा आठवडा: चंद्र, हवा आणि भूकंप यांची एक वही

काकांच्या वहीचं पहिलं पान २६ डिसेंबर २००४ चं आहे. सुमात्रा, ९.१ चा भूकंप, आणि पुढे लाल शाईत एकच शब्द: पौर्णिमा. त्याखाली २८ मार्च २००५, नियास बेट, ८.६, पौर्णिमेनंतर तिसरा दिवस. मग १ एप्रिल २००७, सॉलोमन बेटं, ८.१, पौर्णिमेचा आदला दिवस. २७ फेब्रुवारी २०१०, चिली, ८.८, पुन्हा पौर्णिमेचा आदला दिवस. शेवटच्या पानांवर त्यांनी जुने भूकंप शोधून लिहिले होते. १९६४ चा अलास्काचा ९.२ चा, पौर्णिमा. १९९३ चा किल्लारीचा, पौर्णिमा. २००१ चा भूजचा, अमावास्येनंतर दुसरा दिवस.

ती पानं वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता, हे मला लिहायलाच हवं. इतक्या ओळी लाल शाईत एकाखाली एक दिसल्या की कुणालाही वाटेल, यात काहीतरी आहे.

काका आमचे शेजारी, निवृत्त शिक्षक. सुमात्राच्या त्सुनामीची दृश्यं बघून ते रात्रभर झोपले नव्हते, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी ही वही घातली. लोकांना एक दिवस आधी जरी कळलं असतं तर किती जीव वाचले असते, एवढीच त्यांची तळमळ. माझं काम हिशेब तपासण्याचं. २०२० च्या शेवटी त्यांनी वही माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तू लोकांचे हिशेब तपासतेस, हाही तपास. चूक असेल तर तसं सांग, मला वाईट वाटणार नाही."

वाईट त्यांना वाटलं आणि मलाही वाटलं. पण ते पुढे.

आधी काकांच्या कल्पनेबद्दल, कारण ती उगाच मनात आलेली नाही. चंद्र समुद्राला ओढतो तसा जमिनीलाही ओढतो. पायाखालची जमीन रोज दोनदा वर-खाली होते, काही ठिकाणी तीस सेंटीमीटर आणि त्याहूनही जास्त. आपल्याला ते जाणवत नाही, कारण घर, झाड, रस्ता, सगळंच एकदम उचललं जातं. पौर्णिमा आणि अमावास्येला सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते, म्हणून उधाणाची भरती येते. एखादा भ्रंश, म्हणजे जमिनीखालच्या खडकांतली सरकणारी भेग, आधीच सुटायच्या बेतात असेल तर एवढ्या ओढीने तो त्या दिवशी का सुटू नये? हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या अलेक्सी पेरे यांनी जन्मभर विचारला आणि भूकंपांच्या याद्या करत राहिले. त्याच्याही कितीतरी आधी वराहमिहिराने बृहत्संहितेत भूकंपांवर आख्खा अध्याय लिहिला, नक्षत्रांची वायू, अग्नी, इंद्र आणि वरुण अशी चार मंडळं पाडली आणि भूकंपाआधी आकाश कसं धुरकटतं, वारा कशी धूळ उडवतो, ती लक्षणं दिली. माणसाला हे जोडून बघावंसं वाटतं ते आजचं नाही.

हिशेब तपासताना मी आधी वहीत काय नाही ते बघते. जमेला काय लिहिलंय ते समोर असतंच, राहून काय गेलंय ते शोधावं लागतं. काकांच्या वहीत १२ मे २००८ चा चीनमधला सिचुआनचा भूकंप नव्हता. २५ एप्रिल २०१५ चा नेपाळचा नव्हता. दोन्ही अगदी अष्टमीच्या अर्ध्या चंद्राला झालेले. ११ मार्च २०११ चा जपानचा ९.१ चा भूकंप होता, पण त्याच्यापुढे लिहिलं होतं: "१९ मार्चचा महाचंद्र, आठ दिवस आधी परिणाम." महाचंद्र म्हणजे चंद्र पृथ्वीच्या जवळ असतानाची पौर्णिमा. भूकंप मात्र अर्ध्या चंद्राच्या आदल्या दिवसाचाच. म्हणजे जो बसत नव्हता त्याच्यासाठी नियम ताणला होता, आणि जे ताणूनही बसत नव्हते ते लिहिलेच गेले नव्हते. काकांनी हे मुद्दाम केलं असं मला एक क्षणही वाटलं नाही. पौर्णिमेला भूकंप झाला की त्यांना वहीची आठवण व्हायची, अष्टमीला झाला की व्हायची नाही. बस, इतकंच.

मग मी कागदावर महिना मांडला. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत सरासरी २९.५३ दिवस. काकांचा नियम होता, पौर्णिमेच्या अलीकडे तीन दिवस आणि पलीकडे तीन दिवस. पौर्णिमा धरून सात दिवस झाले, म्हणजे पौर्णिमेचा एक आठवडा. तसाच अमावास्येचा आठवडा. दोन आठवडे मिळून चौदा दिवस, साडेएकोणतीसपैकी चौदा, म्हणजे जवळजवळ निम्मा महिना. चंद्राचा भूकंपाशी काडीचाही संबंध नसला तरी जगातले शंभरातले सत्तेचाळीस भूकंप याच दिवसांत पडणार. मी हे काकांना दाखवलं तेव्हा ते बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आपल्या गटातला एक जण म्हणतो अष्टमीही धरायला हवी, तेव्हा ओढ सगळ्यात कमी होते आणि जमीन सैल पडते." मी अष्टमीचे दोन आठवडे त्यात घातले. अठ्ठावीस दिवस झाले. दीड दिवस तेवढा शिल्लक राहिला.

आमच्या गटात, म्हणजे आकाश बघणाऱ्या आठ-दहा जणांत, आधीपासून भाकितं लिहिली जायची. "येत्या पौर्णिमेच्या सुमारास जगात कुठेतरी ६ किंवा मोठा भूकंप." ती खरी ठरायचीच. का ठरायची तेही मग मोजलं. ६ आणि त्यावरचे भूकंप जगात वर्षाला साधारण दीडशेच्या घरात होतात, म्हणजे अडीच-तीन दिवसांना एक. सात दिवस दिले तर तो न होणंच नवलाचं.

तेव्हा आम्ही २०२१ साठी नियम आधीच लिहून ठेवले. भूकंप ७ किंवा त्याहून मोठा हवा, कारण असे वर्षाला पंधरा-वीसच होतात. वेळ सगळीकडे जागतिक प्रमाणवेळच, नाहीतर मध्यरात्रीच्या भूकंपाची तारीख सोयीने सरकवता येते. तारखेतला फरक तीन दिवसांपर्यंतच, चौथा दिवस चालणार नाही. आकडा अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या यादीतला. आणि मुख्य म्हणजे आठवड्याबाहेर झालेला प्रत्येक भूकंपही लिहायचा. काकांनी सही केली, मी केली, आणि कागद पाकिटात घालून गटातल्या तिसऱ्याकडे दिला.

१० फेब्रुवारीला न्यू कॅलेडोनियाजवळ लॉयल्टी बेटांपाशी ७.७ चा भूकंप झाला. दुसऱ्या दिवशी अमावास्या. १३ तारखेला जपानच्या फुकुशिमाजवळ ७.१, अमावास्येनंतर दुसरा दिवस. एकाच आठवड्यात दोन. त्या दिवशी काकांचा आवाज फोनवर थरथरत होता. माझंही मन डळमळलं. रात्री मी कागदावरचा ४७ चा आकडा पुन्हा तपासला, चुकलं तर नाही ना म्हणून.

४ मार्चला न्यूझीलंडच्या पूर्वेला ७.३, काही तासांनी उत्तरेकडे केर्माडेक बेटांजवळ ७.४, आणि मग तिथेच ८.१. पौर्णिमा होऊन पाच दिवस झाले होते. काकांनी तिन्ही ओळी आपल्या हाताने लिहिल्या. २० मार्चला पुन्हा जपान, ७.०, अर्ध्या चंद्राचा आदला दिवस. मे महिन्यात चीनच्या चिंगहाय प्रांतात ७.३, तोही बाहेर. २९ जुलैला अलास्काजवळ ८.२, पौर्णिमेनंतर पाचवा दिवस.

ऑगस्टचे ते दोन दिवस मला तासांसकट आठवतात. अमावास्या ८ तारखेची. ११ ला फिलिपिन्समध्ये ७.१ चा भूकंप झाला. तिसरा दिवस, तोही सरता सरता, पण आत. काका खूश झाले. आणि १२ च्या संध्याकाळी, जागतिक वेळेने साडेसहाच्या सुमारास, दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ सँडविच बेटांजवळ आधी ७.५ आणि लगेच ८.१. चौथा दिवस. काका दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले, चष्मा न काढता बसले आणि म्हणाले, "एका दिवसानं चुकलंय ग. चार दिवस धरले असते तर हा मोठा हाती लागला असता. अमावास्येचा परिणाम काय घड्याळ बघून संपतो का?"

त्यांचं म्हणणं त्या क्षणी मला इतकं स्वाभाविक वाटलं की मी जवळजवळ हो म्हटलं असतं. पण चार दिवस धरले तर आठवडा नऊ दिवसांचा होतो, दोन्ही मिळून अठरा, आणि महिन्याचा साठ टक्के भाग आपल्या बाजूला येतो. शिवाय तो वाढवायचा का, तर एक भूकंप बाहेर पडला म्हणून. मी म्हटलं, "काका, पाकीट उघडायचं का?" ते काही बोलले नाहीत. जाताना वही मागून घेतली आणि उभ्याउभ्याच ती ओळ लिहिली. १४ ला हैतीला ७.२ चा भूकंप झाला, हजारो माणसं गेली, तोही बाहेरच होता. ती ओळ मी लिहिली.

वर्षाअखेर आठवड्यात बसलेले भूकंप निम्म्यापेक्षा बरेच कमी निघाले. आणि ८ च्या वरचे तिन्ही बाहेर. गटातला एक तरुण लगेच उसळून म्हणाला, "म्हणजे पौर्णिमेला भूकंप कमी होतात!" त्यालाही तेच सांगावं लागलं. एका वर्षाचे वीसेक भूकंप, त्यातही ४ मार्चचे तीन आणि १२ ऑगस्टचे दोन, ते काय वेगवेगळे मोजायचे? एका मोठ्या भूकंपाच्या आगेमागे धक्क्यांची रांग लागते. मुख्य धक्का ज्या तिथीला झाला त्याच तिथीभोवती त्याची पिल्लावळ जमते आणि आलेखात उगाच उंचवटा दिसतो. मी स्वतः ५ च्या वरच्या भूकंपांची मोठी यादी उतरवून घेऊन आलेख काढला होता तेव्हा शुक्ल सप्तमी-अष्टमीला असाच उंचवटा आला होता. दोन दिवस मी हरखून गेले होते. मग २०११ चा मार्च महिना तेवढा काढून टाकला, तर तो बसलाच. जपानच्या त्या एका भूकंपाचे पश्चात धक्के होते सगळे.

म्हणून शेवटी फक्त ८ आणि त्याहून मोठे घेतले. असे भूकंप वर्षाला सरासरी एकच, त्यामुळे हाताने मोजता येतात. डिसेंबर २००४ पासून २०२१ अखेरपर्यंत माझ्या यादीत २४ आले, ११ एप्रिल २०१२ चे हिंदी महासागरातले दोन वेगळे धरून. त्यातले पौर्णिमा-अमावास्येच्या आठवड्यात ११. नुसत्या योगायोगाने किती यायला हवेत? साडेअकराच्या आत-बाहेर. मी तीनदा मोजलं. काकांनी एकदा मोजलं आणि पेन टोपणात घातलं.

हवेचं प्रकरण आम्ही समांतर चालवलं होतं. काकांचं म्हणणं, हवेचा दाब एकदम पडला की जमिनीवरचं ओझं हलकं होतं. मी वर्षभर बॅरोमीटर रोज दोनदा वाचला. त्यात मला भूकंप सापडला नाही, पण एक सुंदर गोष्ट सापडली. उष्ण कटिबंधात आभाळ स्वच्छ असो वा ढगाळ, सकाळी दहाच्या सुमाराला दाब चढतो आणि दुपारी चारच्या सुमाराला उतरतो, रोज, दोन-तीन हेक्टोपास्कलने (हे दाबाचं माप). हवेलाही भरती-ओहोटी असते, आणि ती मुख्यतः सूर्याच्या उन्हामुळे. आणि एक हिशेब मला फार आवडला. मोठ्या वादळात दाब ३० हेक्टोपास्कलने पडला तर ते ३ किलोपास्कल झाले. चंद्राच्या ओढीने भ्रंशावर येणारा ताणही असाच काही किलोपास्कलचा. म्हणजे काकांनी हवा आणि चंद्र एका पंगतीत बसवले ते चुकीचं नव्हतं. पण भूकंपात जो ताण मोकळा होतो तो साधारण १ ते १० मेगापास्कल (एक मेगापास्कल म्हणजे हजार किलोपास्कल), म्हणजे शेकडो ते हजारो पट. गाडीच्या टायरमधली हवासुद्धा त्या चांद्र ताणाच्या पन्नासेक पट दाबाने भरलेली असते.

ऊन-उकाड्याने भूकंप होतो या समजुतीचा तर प्रश्नच मिटला. वर्षभराचा उन्हाळा-हिवाळा जमिनीत दहा-वीस मीटरखाली जाणवतच नाही, आणि भूकंप होतात किलोमीटरांच्या खोलीवर. भूकंपाची खूण म्हणून ढगांची छायाचित्रं गटात खूप यायची. भिंगासारखे गोल ढग डोंगराच्या वाऱ्याआड तयार होतात, ते जगभर आणि बारमाही दिसतात. ज्या दिवशी असा ढग दिसला आणि काहीच झालं नाही त्या दिवसाचं छायाचित्र कुणी जपून ठेवत नाही.

एवढं झाल्यावर मी अभ्यासकांनी काय केलंय ते वाचत बसले. हे आधी का नाही वाचलं असं कुणी विचारेल. आधी वाचलं असतं तर नुसतं पटलं असतं. स्वतः मोजल्यामुळे कळलं. १८९७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ आर्थर शुस्टर यांनी नेमकी हीच चाचणी गणिताने बसवली, भूकंप चंद्राच्या कलेभोवती जमतात की विखुरतात ते तपासायची, आणि ती आजही वापरतात. २०१८ मध्ये भूकंपशास्त्रज्ञ सुझन हफ यांनी चारशे वर्षांतले ८ च्या वरचे भूकंप घेऊन चंद्राची कला आणि वर्षाचा दिवस दोन्ही तपासले. त्या शोधनिबंधाचा सारांश एका शब्दाचा आहे: नाही.

पण काकांना मी फक्त तो एक शब्द वाचून दाखवला नाही, कारण तेवढंच सांगणं अप्रामाणिक झालं असतं. २००४ मध्ये एलिझाबेथ कोक्रन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की उथळ, एक थर दुसऱ्याखाली सरकतो तशा भ्रंशांवर, भरतीचा ताण जोरदार असतो तेव्हा भूकंप थोडे जास्त होतात. २०१६ मध्ये जपानच्या सातोशी इदे यांच्या गटाला आढळलं की सुमात्रा, चिली आणि २०११ चा जपान हे महाकाय भूकंप भरतीचा ताण मोठा असतानाच झाले होते. फरक असा की त्यांनी आकाशातली कला बघितली नाही. त्या विशिष्ट भ्रंशाच्या दिशेने आणि उताराने किती ताण येतो ते काढलं. म्हणून अर्ध्या चंद्राच्या आदल्या दिवसाचा जपानही त्यात आला. कॅलिफोर्नियातल्या सॅन अँड्रियास भ्रंशाच्या खोल भागात अगदी मंद कंप होतात, त्यांची संख्या भरतीबरोबर वाढते-घटते. तैवानमध्ये २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चक्रीवादळात हवेचा दाब पडल्याने तासन्‌तास चालणारे मंद भूकंप सुटलेले दिसले. हे वाचताना काका खुर्चीत पुढे सरकून बसले. चंद्रावरची गोष्ट तर त्यांनी दोनदा वाचायला लावली. अपोलोच्या अंतराळवीरांनी ठेवलेल्या भूकंपमापकांनी १९७७ पर्यंत नोंदी केल्या, आणि चंद्राच्या पोटात सातशे किलोमीटरपेक्षा खोल होणारे कंप जवळपास दर सत्तावीस दिवसांनी त्याच जागी परत येतात. ते पृथ्वीच्या ओढीने. "म्हणजे तिकडे आहे," काका म्हणाले. हो, तिकडे आहे. इकडे तो परिणाम इतका बारीक आहे की एखाद्या दिवसाचा धोका किंचित वाढतो, आणि त्यावरून तारीख सांगता येत नाही.

तारीख सांगितली की काय होतं तेही मी त्यांना सांगितलं. अमेरिकेत आयबेन ब्राउनिंग यांनी भरतीच्या ओढीवरून ३ डिसेंबर १९९० च्या आसपास न्यू मॅड्रिड भागात मोठा भूकंप येईल असं सांगितलं. शाळा बंद राहिल्या, लोक धास्तावले, वार्ताहर गोळा झाले. भूकंप आला नाही. गटात काकांनीच मग ठरवून टाकलं की भाकितं आपल्या पाकिटातच राहतील, बाहेर पाठवायची नाहीत.

६ फेब्रुवारी २०२३ ला पहाटे तुर्कस्तान आणि सीरियाच्या सीमेवर ७.८ चा भूकंप झाला, नऊ तासांनी ७.५ चा. आदल्याच दिवशी पौर्णिमा झाली होती. पन्नास हजारांहून जास्त माणसं गेली. गटात दिवसभर निरोप येत होते. बुर्सा शहरावर जानेवारीत दिसलेल्या लाल गोल ढगाचं छायाचित्र, जे भूकंपाच्या जागेपासून शेकडो किलोमीटर दूर होतं. एका डच हौशी अभ्यासकाने तीन दिवस आधी ग्रहांच्या स्थितीवरून दिलेला इशारा, ज्यात "आज ना उद्या" असं होतं आणि तारीख नव्हती. सगळ्यांनी काकांना फोन केले की तुमची वही खरी होती.

रात्री मी त्यांच्याकडे गेले. टीव्हीवर ढिगाऱ्यातून लेकरं बाहेर काढत होते, तो त्यांनी बंद केला नव्हता. वही उघडी होती. तारीख, दोन्ही आकडे, पौर्णिमेनंतरचा पहिला दिवस, आठवड्यात: हो. निळ्या शाईत. म्हणाले, "एक दिवस आधी, मी एवढंच मागत होतो." मग टीव्हीकडे बघत राहिले.

२९ जुलै २०२५ ला रशियाच्या कामचात्काजवळ ८.८ चा झाला तेव्हा फोन त्यांचाच आला, मला अजून बातमीही कळलेली नव्हती. "अमावास्या होऊन पाच दिवस. बाहेर. लिहिलंय मी." आणि लगेच, "तिथल्या भ्रंशाचा उतार किती अंशांचा आहे ग? त्या वेळी तिथे भरती होती की ओहोटी, ते आपल्याला काढता येईल का?" त्या संध्याकाळी आम्ही ते काढायला बसलो.